बाळाला नीट जपताय ना?

सरकारी नोकरीतून माणूस एकदाच निवृत्त होतो. मला दोनदा व्हावं लागलं, आणि पहिल्या वेळी तर वय बाकी असताना संगणकानेच काढलं.

झालं असं, की जिल्ह्यातल्या सगळ्या आरोग्य कर्मचाऱ्यांची माहिती नव्या प्रणालीत भरली गेली आणि दुसऱ्या दिवशी माझं नाव गायब. चौकशी केली, तर कळलं की प्रणालीने 'दुबार नोंदी' आपोआप काढून टाकल्या. माझं आडनाव पाटील आणि जन्मतारीख एक जून. आता खानदेशात पाटील किती आणि आमच्या पिढीत एक जूनला जन्मलेले किती, हे मी सांगायला हवं का? शाळेत नाव घालताना ज्यांच्या ज्यांच्या बापाला तारीख आठवेना, त्या सगळ्यांना गुरुजींनी एकाच दिवशी जन्माला घातलं होतं. संगणकाला वाटलं, या सगळ्या पाटील सिस्टर म्हणजे एकच बाई आहे आणि ती ठिकठिकाणी पगार खाते. त्याने जामनेरची एक सिस्टर तेवढी शिल्लक ठेवली आणि आमच्या सगळ्यांच्या गावांचं काम तिच्या नावावर टाकलं. ती बिचारी फोन करून रडायची. मी मात्र रोज लसीचा डबा खांद्याला लावून गावं फिरत होते, कारण मी अस्तित्वात नाही हे बाळंतिणींना कोणी कळवलं नव्हतं.

तर मी नर्सबाई. आधी उपकेंद्रावर, मग बढती होऊन आरोग्य सहाय्यिका, म्हणजे इतर नर्सबायांवर आणि आशांवर लक्ष ठेवणारी. आशा म्हणजे गावातलीच बाई, जी घरोघर जाऊन गरोदर बाया आणि तान्ही बाळं बघते. गावात मला सगळे अक्का म्हणतात. माझं बोलणं तिखट आहे असंही म्हणतात, पण ते मागून.

आरोग्य खातं डिजिटल झालं, तो दिवस मला चांगला आठवतो. टॅब आले. टॅबला हार घातला, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, फोटो काढला. मग टॅब सरकारी मालमत्ता म्हणून कपाटात कुलूपबंद केले. किल्ली क्लार्कभाऊंकडे, आणि क्लार्कभाऊ रोज चाळीसगावहून रेल्वेने येणार. गाडी वेळेवर आली तर आम्ही डिजिटल, नाही आली तर आपली जुनी वही आहेच.

त्यात ओटीपी. बाई माझ्यासमोर बसलेली, पोट एवढं पुढे आलेलं, पण ती खरंच आहे हे सिद्ध व्हायला ओटीपी हवा. फोन नवऱ्याच्या नावावर आणि नवरा सुरतला कारखान्यात. मी त्याला फोन लावून म्हणायची, "भाऊ, मी नर्सबाई बोलते, तुमच्या फोनवर एक नंबर आला असेल, तो सांगा." आता फोन लागायच्या आधी तेच सरकार त्या माणसाच्या कानात रोज ओरडतं की ओटीपी कोणालाही सांगू नका. त्याने मला अशा शिव्या घातल्या, की मी जिभेची तिखट असूनही गप्प बसले. चूक त्याची नव्हतीच. एवढा कायद्याने वागणारा नागरिक मी दुसरा पाहिला नाही.

असं करत करत माझं नाव यादीत परत चढलं आणि मी खरोखरची निवृत्त झाले. नातवंडं सांभाळीन, पापड लाटीन असा बेत होता. पण बोलावणं आलं. जळगावला नवं केंद्र निघालं होतं. डाळमिलच्या रस्त्यावर दुसऱ्या मजल्यावर मोठी खोली, गार हवेचं यंत्र (माणसांसाठी नाही, संगणकांसाठी), आणि कानाला फोन लावून बसलेल्या पोरी. आमच्या आणि धुळ्याच्या बाजूच्या बाळंतिणींना इथून फोन जाणार. मला कंत्राटावर 'विषयतज्ज्ञ' नेमलं. आयुष्यभर बाळंतपणं केली तेव्हा मी नर्सबाई होते, आणि खुर्चीत बसल्यावर तज्ज्ञ झाले.

केंद्राचे प्रमुख सौरभ सर, पुण्याचे. माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचे, पोरगं गुणी. पहिल्याच दिवशी त्यांनी मला पडद्यावर सगळं समजावलं. पूर्वी आशा प्रत्येक तान्ह्या बाळाच्या घरी ठरलेल्या दिवशी जायची. त्यात म्हणे फार 'मनुष्यबळ वाया' जायचं. आता आधी फोन जाणार, पोरी ठरलेले प्रश्न विचारणार, उत्तरं दाबणार. बाळ ठीक असेल तर पडद्यावर हिरवा रंग, गडबड असेल तर लाल. आशाने फक्त लाल घरी जायचं.

"आणि हिरव्या घरी?" मी विचारलं.

"तिथे गरजच नाही ना, अक्का."

मी म्हटलं, वा. एवढी वर्षं उन्हातान्हात उगीच तंगडतोड केली.

फोनवर बसणाऱ्या पोरी अकोल्याच्या, अमरावतीच्या, नाशिकच्या. इथल्या पोरी मुलाखतीला आल्या होत्या, पण कंत्राटातच अट होती, 'प्रमाण मराठी अस्खलित बोलता यावं'. आमच्या पोरींच्या तोंडून मधूनच 'आहे'च्या जागी 'शे' निघालं आणि त्या नापास झाल्या. फोन करायचे खानदेशात, तर बोलणारी खानदेशी नको, हा विचार ज्याला सुचला त्याचं डोकं काय असेल, माय माय माय!

प्रश्नांची यादी मुंबईच्या कोण्या संवादतज्ज्ञ बाईंनी लिहिली होती. भाषा कशी गोड, आपुलकीची. पहिलाच प्रश्न होता, "बाळाला नीट जपताय ना?" उत्तर 'हो' आलं की निम्मं बाळ तिथेच हिरवं. पुढचे दोनतीन प्रश्न लसीचे आणि बँक खात्याचे.

सगळं दृष्ट लागण्यासारखं चाललं होतं. आमच्या बाजूचे पडदे हिरवेगार. 'बालसंगोपन' या रकान्यात आम्ही सगळ्यांच्या वर गेलो. वरून कौतुकाचं पत्र आलं, सौरभ सरांना शाल मिळाली. कोमल नावाची अकोल्याची पोरगी सगळ्यांत जास्त फोन करायची. ती मला म्हणाली, "अक्का, तुमच्या इकडचे लोक किती चांगले आहेत हो. बाळाला जपता का विचारलं की आज्या किती कौतुकानं सांगतात. आमच्याकडे तर 'हूं' म्हणून फोन ठेवतात."

मला बरं वाटलं. आपल्या माणसांचं कौतुक कोणाला नको असतं?

त्या दिवशी कोमलचा कानाला लावायचा हेडफोन बिघडला होता, म्हणून तिने फोन मोठ्या आवाजावर टाकला होता. मी मागून चहाचा कप घेऊन चालले होते. पलीकडे पारोळ्याच्या बाजूची एक आजी.

"आजी, बाळाला नीट जपताय ना?" कोमलने विचारलं.

"हां बेटा, जपेल शे ना," आजी म्हणाली. "सकायपासून जपेलच शे. भलतं शांत पोरगं शे, रडत बी नही."

कोमल हसली आणि तिने 'हो' दाबलं. पडदा हिरवा झाला.

ज्यांना आमची अहिराणी येत नाही त्यांच्यासाठी सांगते. तुमच्याकडे जपणं म्हणजे सांभाळणं, काळजी घेणं. आमच्याकडे जपणं म्हणजे झोपणं. 'जपेल शे' म्हणजे झोपलेलं आहे. कोमलने विचारलं, बाळाला सांभाळता ना. आजीने ऐकलं, बाळाला झोपवता ना. आजीने सांगितलं, सकाळपासून झोपलंय, रडतही नाही. कोमलला वाटलं, सकाळपासून मांडीवर घेऊन बसली असेल बिचारी.

आता आमच्या धंद्यातलं एक साधं सत्य. मोठ्या माणसाला दुखलं की तो बोंबलतो. तान्ह्या बाळाला काही गंभीर झालं की ते गप्प होतं. अंगात जंतू गेले की त्याला ताप येईलच असं नाही, उलट ते गार पडतं, छातीला दूध ओढत नाही, आणि झोपतं. रडणारं बाळ मला कधी घाबरवत नाही. घरचे 'किती शहाणं आहे' म्हणून कौतुक करतात ते बाळ मी आधी उघडून बघते. या झोपेत गेलेले तास परत मिळत नाहीत.

कप कुठे ठेवला मला आठवत नाही. मी कोमलच्या हातातून फोन ओढला आणि बाळाला उठवून बघायला सांगितलं.

"माय, मी जळगावतून नर्सबाई बोलस. पोऱ्याले जरा उठाडी देखा."

"काब्र उठाडानं अक्का? जपू द्या ना."

"उठाडा. तळपायले टिचकी मारा."

पलीकडे टिचक्या वाजल्या. मग आजी म्हणाली, "डोया उघाडत नही."

"दूध कव्हय पिना?"

"रातले पिना व्हता. मंग नही."

"पायले हात लाई देखा."

"थंडा शे," आजी म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम बदलला. "अक्का, काय झाया वं पोऱ्याले?"

मी तिला सांगितलं, पोराला आईच्या उघड्या छातीला लाव, वरून गोधडी घे, गाडी पाठवते. आणि कोमलला म्हटलं, रुग्णवाहिकेचं बटण दाब.

बटण दबेना. रुग्णवाहिकेचं बटण लाल बाळालाच उघडतं, हे बाळ हिरवं होतं. हिरव्याचं लाल करायचं तर प्रमुखांची परवानगी हवी, आणि ती परवानगी म्हणजे त्यांच्या फोनवर येणारा ओटीपी. सौरभ सर त्या वेळी गाडीत, चाळीसगावच्या अलीकडे कुठेतरी, आणि फोनला रेंज नाही. तिकडे एक जीव गार पडत होता आणि आम्ही चार बाया एका बटणाकडे बघत उभ्या होतो. मी त्या पडद्याला अशी शिवी दिली की नाशिकची पोरगी दचकली. सांगायला लाज वाटत नाही. अजूनही आठवलं की तीच शिवी तोंडात येते.

मग मी माझ्या पिशवीतला साधा फोन काढला. १०८ला लावला, तर गाडी दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेली. त्या भागातली आशा रंजना माझ्या हाताखाली तयार झालेली. तिला म्हटलं, पळ. ती पळाली. गावातली वडाप जीप उभी होती, तीत आधीच बसलेल्या लोकांना तिने खाली उतरवलं. त्यांनी कुरकुर केली नाही, उलट एकाने स्वतःची शाल दिली. आईच्या छातीला बाळ बांधून जीप धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात गेली. मी तिथल्या ओळखीच्या सिस्टरला आधीच सांगून ठेवलं होतं. पोरगं काचेच्या पेटीत ठेवलं, सलाईनमधून औषध चालू झालं. बरेच दिवस त्याने सगळ्यांचा जीव टांगणीला लावला आणि मग एक दिवस डोळे उघडून असं काही बोंबललं की आजीने मला ते फोनवर ऐकवलं. इतकं गोड गाणं मी ऐकलं नाही.

पडद्यावर ते बाळ तेव्हाही हिरवंच होतं. दवाखान्यात भरती असल्याची नोंद टाकायला गेलो तर प्रणाली म्हणाली, 'माहिती विसंगत'.

दुसऱ्या दिवशी सौरभ सरांना मी सगळं सांगितलं. मला वाटलं आता 'भाषिक तफावत', 'सुधारणेला वाव' असलं काहीतरी ऐकावं लागणार. मी भांडायच्या तयारीनेच गेले होते. पोरगं ऐकत राहिलं. त्याच्या मागे भिंतीवर शाल घेतानाचा फोटो होता. मग हळूच म्हणालं, "अक्का, हे एक सापडलं. आधीची?"

माझं भांडण तिथेच संपलं.

सगळे फोन रेकॉर्ड होत असत, 'गुणवत्तेसाठी'. ते कोणी ऐकत नसे हा भाग वेगळा. ऐकायचे तर कंपनीची लेखी परवानगी लागते. सौरभ सरांनी ती मागितली नाही, सरळ उघडून दिले. मग मी आणि पोरी बसलो. त्या ऐकायच्या, 'जपेल शे' आलं की मला हाक मारायच्या. कोमल पहिल्या दिवशी दुपारपर्यंत टिकली, मग बाहेर जिन्यात जाऊन रडली. तिचे फोन सगळ्यांत जास्त होते ना. मी तिला म्हटलं, "तुझी काय चूक? तुला जी मराठी शिकवली त्यात हे नव्हतं." ती म्हणाली, "मला वाटलं अक्का, ते लाडानं सांगतायत." तिचे अश्रू पुसले, पाणी पाजलं आणि परत बसवलं, कारण काम संपलं नव्हतं.

जिथे जिथे शंका आली तिथे मी स्वतः फोन लावला. बहुतेक बाळं नुसती झोपलेली होती. बाळं झोपतातच, त्यांना दुसरं काम काय? एका बाईने तर मला झापलं, "अक्का, कसंबसं जपाडं व्हतं, तुमना फोननी उठाडी दिधं!" मागे पोरगं गळा काढून रडत होतं. मी म्हटलं, रडू दे माय, खूप रडू दे.

या सगळ्याचा अहवाल सौरभ सरांनी वर पाठवला. त्याचं काय झालं ते इथेच सांगून टाकते. हिरव्या घरीसुद्धा आशाने जावं, असं त्यांनी लिहिलं होतं. उत्तर आलं, 'विचाराधीन'. बटण मात्र तातडीने सुधारलं. त्याचा रंग बदलला. आणि सगळ्या पोरींसाठी 'अहिराणी संवेदीकरण' नावाचं सत्र झालं. ते घ्यायला मुंबईहून तज्ज्ञ बाई आल्या. 'शे' म्हणजे आहे आणि 'बठ्ठा' म्हणजे सगळा, असं त्यांनी पडद्यावर दाखवलं. मला श्रोत्यांत बसवलं होतं. शेवटी मी टाळ्या वाजवल्या, चहा चांगला होता. आशांना मी आणि सौरभ सर मिळून गुपचूप सांगतो, की बाई, रंग कोणताही असो, तू जाऊन ये. त्या जातात. त्याचे पैसे त्यांना मिळत नाहीत, तरी जातात.

आता एक फोन राहिला सांगायचा.

साक्रीच्या बाजूचं गाव. रेकॉर्डिंगमध्ये आजीचा आवाज होता, तेच शब्द, जपेल शे, शांत शे. फोन होऊन काही महिने उलटले होते. मी लावला तेव्हा बाळाच्या आईनेच उचलला. मनीषा नाव. वय कोवळं असावं आवाजावरून.

मी म्हटलं, "मनीषा, मी जळगावतून नर्सबाई बोलस. पोऱ्या कसा शे?"

मागे कुठेतरी भांडी घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"अक्का, तो तं गया," ती म्हणाली. "तुमना फोन उना व्हता ना, त्याच दिनले. संध्याकायले."

मला धंद्यात इतकी वर्षं झाली. मेलेली बाळं मी हातात घेतली आहेत, आयांना सांगितलं आहे, बापांच्या खांद्यावर हात ठेवला आहे. पण हे वेगळं होतं. ज्या दिवशी आमच्याकडून फोन गेला, त्या दिवशी ते पोर जिवंत होतं. आम्ही त्याला हिरवं केलं. मी तिला म्हटलं, "माय, आमनं चुकनं." दुसरं काय म्हणणार? ती म्हणाली, "तुम्हीन काय करशात अक्का." अशी माफी तिने मला द्यायला नको होती. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मग मला आठवलं, की नोंद हिरवी आहे म्हणजे मेसेज जात असणार. आमची प्रणाली दर महिन्याला बाळाच्या घरी मेसेज पाठवते. अभिनंदन, आपले बाळ आता अमुक महिन्यांचे झाले, ते आता मान सावरू लागेल, खुळखुळ्याकडे बघून हसेल, लस चुकवू नका. हे त्या पोरीला दर महिन्याला येत होतं! मी घाईघाईने म्हटलं, "मनीषा, ते मेसेज येतस ना, मी आत्ताच्या आत्ता बंद करस. माफ कर माय, आता येणार नही."

"नका करू बंद," ती म्हणाली.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी परत विचारलं.

"येऊ द्या अक्का," ती म्हणाली. "तो कितला मोठा झाया, त्यामा लिखेल येस. मी वाचस. आठे घरमा त्याना इषय कोन्ही काढत नही. सासू म्हणस, इसरी जा. तुमना मेसेजच तेवढा इचारस."

मी बटणावरचं बोट उचललं.

ती नोंद अजून उघडी आहे. बाकी नोंदींवर एकामागून एक लसींच्या खुणा झाल्या, हिच्यापुढे सगळे रकाने रिकामे. दर महिन्याच्या आढाव्यात मोठे साहेब पडद्यावर नेमकं तिथेच बोट ठेवतात. "अक्का, या एका बाळामुळे आपलं काम मागे दिसतंय. कुठे आहे ते?"

मी सांगते, "साहेब, आजोळी गेलंय."

"परत आलं की लगेच टोचून घ्या," साहेब म्हणतात.

मी हो म्हणते.